ताटातला रस्सा आणि कुलूपबंद किल्ला

कोल्हापुरात थाळी मागवली की तांबडा आणि पांढरा रस्सा ताटाबरोबरच येतो. बहुतेक खानावळींत वाटी रिकामी झाली की वाढपी न विचारता भरून जातो. उद्या एखाद्या मालकाने ताट पुढे ठेवल्यावर ‘रश्श्याचे वेगळे पडतील’ असे सांगितले, तर गिऱ्हाईक जे बोलेल ते या पुरवणीत छापता येणार नाही. तोच माणूस सुक्क्याची जादा प्लेट मात्र खुशीने मागवतो.

हे सुचायला कारण माझा नातू. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या वडिलांनी त्याला दोन हजारांचा गेम घेऊन दिला. आठवड्याने स्वारी माझ्या खुर्चीपाशी आली.

‘‘आबा, शेवटचा किल्ला उघडत नाही. सहाशे रुपये लागतात.’’

‘‘अरे, गेम विकत घेतलाय ना?’’

‘‘घेतलाय की. पण हे डीएलसी आहे.’’

डीएलसी म्हणजे गेम घेतल्यानंतर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा जादा भाग. कधी नवी कथा, कधी नवे पात्र, कधी नुसताच नवा पोशाख. 2006 साली बेथेस्डा कंपनीने ‘ओब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा जगभरचे खेळाडू हसले होते. पण घोडा निदान चिलखताशिवाय धावत तरी होता. 2012 साली कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’मध्ये बारा पात्रे विकलेल्या तबकडीवरच कुलूप घालून ठेवलेली सापडली. ती उघडण्याचे पैसे वेगळे. माल गिऱ्हाइकाच्या घरात आणि किल्ली दुकानदाराकडे! बँकेत इतकी वर्षे लॉकर सांभाळले, पण असला लॉकर पाहिला नाही.

जादा भागाला माझा विरोध नाही. मीही कादंबऱ्या लिहितो. कथा संपल्यावर त्यातल्या एखाद्या माणसाचे पुढे काय झाले ते लिहावेसे वाटले, तर त्याचे वेगळे पुस्तक करावे आणि वेगळी किंमत घ्यावी. पण शेवटचे प्रकरण फाडून ते काउंटरवर निराळे ठेवणारा प्रकाशक मला भेटलेला नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2015 मध्ये ‘द विचर 3’ आणला. सोळा छोटी भर फुकट दिली आणि पैसे घेतले ते दोन मोठ्या कथांचे. 2016 मधल्या ‘ब्लड अँड वाइन’मध्ये तर हिंडायला एक आख्खा नवा प्रदेश होता. लोकांनी आनंदाने पैसे मोजले. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. 2017 मध्ये त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, म्हणजे पैशाची चणचण त्यांना ठाऊक होती. तरीही 2020 मध्ये आलेल्या ‘राजी’ची सुधारित आवृत्ती, हिंदी संवादांसह, त्यांनी आधीच्या खरेदीदारांना फुकट दिली.

किमतीचे काय? पुष्कळ गेममध्ये रुपये आधी खोट्या नाण्यांत बदलावे लागतात. मग ‘नऊशे नाणी’ म्हणजे किती, हे पोराला कळत नाही आणि आजोबालाही नाही. अमेरिकेत फसव्या बटणांमुळे नकळत खरेदी झाल्याच्या आरोपावरून 2022 मध्ये ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्सला परताव्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर मान्य करावे लागले. आपल्याकडे किरकोळ कर्जदाराला सगळा खर्च एका पत्रकात दाखवावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर 2024 पासून आहे. तसला एक कागद गेमबरोबर का असू नये? मूळ किमतीत काय मिळेल, पुढे काय विकणार, रुपयांत किती, आणि कंपनीने सर्व्हर बंद केला तर हाती काय उरेल. शेवटचा प्रश्न उगाच नाही. युबिसॉफ्टने मार्च 2024 मध्ये ‘द क्रू’ बंद केला, तेव्हा मूळ गेम आणि विकत घेतलेले जादा भाग दोन्ही निकामी झाले.

आम्ही दोघांनी बसून त्या गेमची जाहिरात पुन्हा पाहिली. पहिल्याच चित्रात तो किल्ला होता, दरवाजा सताड उघडा. नातवाने सहाशे रुपयांचा विषय सोडला आणि कंपनीला पत्र लिहायला घेतले. इंग्रजी त्याचे, मसुदा माझा. बँकेच्या सवयीने मी वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घातले, तर पोरगा पोट धरून हसला. उत्तर आले, ते मदत केंद्राच्या यंत्राचे: आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे. आता दुसरे पत्र धाडायचे आहे. नातू म्हणतो, या वेळी ‘संदर्भ’ राहू द्या.