रामशेज किल्ला कसा भांडवला

बचाव, रक्षण, संरक्षण हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. जुन्या मराठी कागदपत्रांत याहून धारदार प्रयोग आहे: ‘किल्ला भांडवणे’, म्हणजे वेढ्यात सापडूनही लढत राहून किल्ला हातचा जाऊ न देणे. त्याचे एक मोठे उदाहरण नाशिकजवळच, दिंडोरी तालुक्यात आशेवाडी गावाच्या डोक्यावर उभे आहे: रामशेज किल्ला.

१६८२मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खानाने रामशेजला वेढा घातला. किल्ला तसा छोटा, भोवती मोकळे रान; दाट जंगलाचा आडोसाही नाही. मुघल इतिहासकार खाफीखान सांगतो की, गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडे चढवले आणि त्यांतून मारा केला. शहाबुद्दीनाने गडावर तोफा डागण्यासाठी उंच लाकडी दमदमा उभारला, तरी काही साधले नाही.

मग मुघलांचा दुसरा सरदार बहादूरखान आला. एका बाजूला हल्ल्याचा गलका करून दुसऱ्या बाजूने गुपचूप माणसे चढवायचा त्याचा बेत होता. गडकऱ्यांनी तो ओळखला, गलक्याला गलक्यानेच उत्तर दिले आणि खरी वाट हत्यारे घेऊन दबा धरून राखली.

सुमारे पाच वर्षे गड असाच झुंजत राहिला. अखेर तो मुघलांना मिळाला तो लाच देऊन, तलवारीच्या बळावर नव्हे. एवढ्या लढ्याची आठवण ठेवणारा हा गड शाळांच्या सहलींच्या यादीत वरच असायला हवा.