घोडा कुणाच्या हुकमाने?

विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा म्हटला की ‘किताब-ए-नौरस’ आठवते. दखनीत गाणी रचणारा, सरस्वतीला वंदन करणारा, ‘जगद्गुरू’ म्हणून ओळखला गेलेला हा सुलतान. मीही कवितेच्या वाटेनेच त्याच्यापर्यंत पोचलो. पण त्याच्या हाती राज्य कसे आले, हे जाणून घ्यायचे तर त्याच्याच दरबारी असलेल्या फिरिश्त्याचा इतिहास उघडावा लागतो.

१५८० मध्ये पहिल्या अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते, म्हणून नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला. मुलाचा सांभाळ चुलती चांदबीबीकडे आणि कारभार कामिलखानाकडे, अशी वाटणी झाली. ती फार दिवस टिकली नाही. कामिलखानाला हटवून आलेल्या किश्वरखानाने चांदबीबीलाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. तो पळाला, ती सुटली आणि इखलासखान आला. १५८२ मध्ये दिलावरखानाने इखलासखानाला आंधळे केले आणि पुढची आठ वर्षे राज्य चालवले.

श्रोतेहो, अशा कारभाऱ्याचे बळ कशात असते? पहारे त्याचे, खजिना त्याचा, नेमणुका त्याच्या. नाणे आणि खुतबा मात्र बादशहाच्या नावाचा. त्या नावाशिवाय कारभाऱ्याचा हुकूम चालत नाही. म्हणून तो बादशहाला मारत नाही, नजरेआड होऊ देत नाही एवढेच.

१५९० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीवर मोहीम निघाली, तेव्हा इब्राहीम विशीत आला होता. दिलावरखानावर नाराज असलेल्या ऐनुलमुल्क आणि अंकुशखान या सरदारांशी त्याने गुपचूप संधान बांधले. ठरल्या रात्री त्याने घोडे मागवले. पागेवरचा माणूस म्हणाला, दिलावरखानाच्या हुकमाशिवाय घोडा मिळणार नाही. बादशहाच्या सेवकाने त्याच्या तोंडात भडकावली, तेव्हा कुठे घोडे सुटले. दहा वर्षे गादीवर असलेल्या राजाची ही स्थिती!

इब्राहीम त्या सरदारांच्या गोटात पोचला आणि पारडे फिरले. सकाळी दिलावरखान फौज घेऊन आला. पण बादशहा समोर उभा असताना शिपाई कुणासाठी लढणार? माणसे त्याला सोडून गेली आणि तो पळाला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे वाटले असते. पुढे अभयाचा शब्द मिळाल्यावर दिलावरखान परत आला. इब्राहीमने त्याचे डोळे घालवले आणि त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात टाकले. जे इखलासखानाच्या वाट्याला आले होते, तेच त्याच्याही आले. आणि तुरुंगही चांदबीबीचाच.

त्यानंतर इब्राहीमने १६२७ पर्यंत राज्य केले. त्याच्या गाण्यांतला मऊपणा मला खोटा वाटत नाही. पण हा कवी ज्या वाड्यात वाढला, तिथे सत्ता अशीच हातात घेतात हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. नौरस वाचताना तो वाडाही ध्यानात ठेवावा.