कोणतं बोट बधिर होतंय?

अणदूर गावात सोयाबीन काढणीच्या दिवसांत दिवसभर विळा चालवलेली बाई रात्री दोनला उठून हात झटकत बसली, तर सकाळच्या चहापर्यंत घरातच तीन निदानं तयार होतात. सासूच्या मते वात, नवऱ्याच्या मते रक्त कमी, आणि पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या भावाच्या मते ‘मानेत गॅप’. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात, हे मात्र तिला कुणीच विचारत नाही.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी शाबूत, असं ती म्हणाली तर आधी मनगट पाहायचं. तळव्याच्या मुळाशी हाडं आणि त्यांवरचा जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि त्यांच्यात दाटीवाटीनं बसलेली एक नस, सगळ्यांची वाट हीच. कंडरांभोवती सूज आली की चेपते ती नस. झोपेत मनगट दुमडलं की दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा, आणि हात झटकला की बरं वाटतं. हा कार्पल टनल सिंड्रोम. तो संगणकवाल्यांचा आजार असल्याची समजूत शहरी आहे. जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकानं मनगटात दबलेल्या या नसेचं वर्णन 1854 मध्येच केलं होतं. धार काढणं, विळा चालवणं अशी जोर लावून पुन्हा पुन्हा मनगट वापरायची कामं, गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह, या सगळ्यांत तो जास्त दिसतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही अनेकांचं भागतं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खपाटीला जायला लागला, तर मात्र थांबायचं नाही.

‘हाताला रक्त पोचत नाही’ हेही बहुतेक वेळा खरं नसतं. हात गरम आहे, नखं गुलाबी आहेत, मनगटाला नाडी लागते. मग तक्रार बहुधा नसेची.

आता मान. मणक्यातून निघणारी नस दबली तर मानेपासून दंडातून खाली कळ जाते आणि मान वळवली की ती वाढते. सहाव्या नसेचा बधिरपणा अंगठ्याकडे, सातवीचा मधल्या बोटाकडे, आठवीचा करंगळीकडे. पण एमआरआयच्या अहवालात ‘गॅप’ आली म्हणून दोष तिचाच, असं होत नाही. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या 63 जणांच्या मानेचा एमआरआय केला होता. चाळिशीपुढच्या जवळजवळ 60 टक्के लोकांच्या मानेतली एखादी तरी गादी झिजलेली किंवा अरुंद झालेली निघाली. हाताची तपासणी न करता आधी एमआरआय काढणं म्हणूनच पैसे आणि झोप दोन्ही घालवणारं ठरतं. दबलेल्या नसेचा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत, महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होतो.

भीती बाळगावी ती वेगळ्याच प्रकाराची. मानेत मज्जारज्जूच दाबला जात असेल तर दुखणं फारसं नसतं. ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो. दहा सेकंदांत मुठीची वीसेक वेळा उघडझाप करता येते का, ही तपासणी कुठल्याही ओसरीवर होते. जमलं नाही तर तज्ज्ञाकडे लवकर जायचं. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, त्यात तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजून लगेच 108 ला फोन करायचा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं.

मधुमेहाचा किंवा बी-12 च्या कमतरतेचा बधिरपणा सहसा आधी पायांत येतो, नंतर हातांत, आणि दोन्हीकडे सारखा. त्यामुळे एकाच हाताच्या तीन बोटांसाठी बी-12 ची इंजेक्शनं घेत राहण्यात फारसा अर्थ नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी मात्र बी-12 तपासून घ्यावं. या गोळीनं ते कमी होऊ शकतं.

राहिली करंगळी. ती आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूची नस पाहतात, कोपर आपटला की झिणझिण्या येतात तीच. रुग्णाला अंगठा आणि तर्जनीत कागद दाबून धरायला सांगतात आणि तपासणारा तो ओढतो. नस अधू असेल तर कागद निसटू नये म्हणून अंगठ्याचं टोक आपोआप वाकतं. कारण अनेकदा साधं असतं, तासन्‌तास कोपर दुमडून फोन धरणं. पण महाराष्ट्रात इथे आणखी एक आजार आठवावाच लागतो, कुष्ठरोग. त्यातही हीच नस दोरीसारखी जाड होते, आणि त्वचेवर फिकट किंवा लालसर, संवेदना गेलेला चट्टा असू शकतो. भारतानं 2005 च्या अखेरीस ‘दर दहा हजारांत एकापेक्षा कमी’ हे उद्दिष्ट गाठलं, तेव्हापासून रोग संपला असं लोक धरून चालले. तो संपलेला नाही. नवे रुग्ण दरवर्षी सापडतात.

कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचं टोक टेकवायचं आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. अणदुरातच डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं फारसं न शिकलेल्या गावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं. प्राथमिक आरोग्याचं काम त्या हाती घेतात, तर ही परीक्षा त्यांच्यासारख्यांच्या आवाक्यातलीच. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. नसेची ताकद जाऊन सहा महिने उलटले नसतील, तर स्टेरॉइडनं ती बरीच परत येऊ शकते.