कोकणचा निकाल नेहमी वर का?

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक ओळ ठरलेली असते: ‘यंदाही कोकण विभाग अव्वल’. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागातून वेगळे निघून त्यांचा कोकण विभाग झाला, तेव्हापासून ही ओळ बदललेली नाही. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तळाच्या नागपूर विभागाचा ९०.७८ आणि कोकणचा ९८.८२. आदल्या वर्षी तर कोकणने ९९.०१ टक्के गाठले होते.

शंकेखोर म्हणतात, शंभरातले वीस गुण शाळेच्याच हातात असतात, मग निकाल लागणारच! पण अंतर्गत मूल्यमापनाचे ते वीस गुण नऊही विभागांत शाळाच देतात. खरे कारण पटसंख्येत आहे. राज्यात पंधरा लाखांवर मुले दहावीला बसतात. कोकणातली जेमतेम सव्वीस-सत्तावीस हजार, तीही लहान लहान शाळांत विखुरलेली.

तालुक्याच्या गावापासून आत गेले की चिरेबंदी भिंतींचे, कौलारू छपराचे माध्यमिक विद्यालय दिसते. अशा कितीतरी शाळा मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून उभ्या केल्या आणि पुढे त्या अनुदानावर आल्या. दहावीच्या वर्गात वीस-पंचवीस मुले. सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले की काठावरची मुले कोण, हे शिक्षकांना यादी न काढताच ठाऊक असते. शेवटची एसटी चुकली तर पोरांना काळोखात वाडीपर्यंत चालावे लागते, म्हणून जादा तास सकाळी. मूल चार दिवस दिसले नाही, तर सर घरी जातात. आईबाप मुंबईत, घरी आजी. काय अडले आहे ते तिच्याकडून कळते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि डोंगराआडच्या वाड्यांतल्या मुली दहावीपर्यंत टिकतात, त्यात या पासाचा वाटा मोठा आहे.

शिक्षणासाठी पायपीट करण्याची इथली परंपराही जुनी. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडहून कुंभार्ली घाट चढून परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून परीक्षेला न बसताच परतले. पुढे तेच महर्षी झाले.

मात्र या टक्केवारीचा अर्थ नीट लावला पाहिजे. पस्तीस गुणांच्या रेषेखाली फारसे कोणी राहिले नाही, एवढेच ती सांगते. त्या रेषेच्या पुढे मुले किती लांब जातात, याचे उत्तर तिच्यात नाही. अकरावी विज्ञानाची चांगली सोय, प्रवेश परीक्षांचे मार्गदर्शन यांसाठी अजूनही रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याचे नव्वद टक्के गावातच अडकून पडतात. ही कोकणच्या शिक्षणाची खरी उणीव आहे.

आणि आता मुळावरच घाव येतो आहे. जन्म कमी, स्थलांतर जास्त. पट दरवर्षी घसरतो. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निकषांमुळे वर्गात वीसच्या आत मुले असली की शिक्षकांची पदेच धोक्यात येतात. ज्या लहान वर्गांनी राज्यात पहिला निकाल दिला, त्यांनाच परवडत नाही म्हणून मोडीत काढणे हा उफराटा हिशेब आहे. डोंगराळ भागासाठी निकष वेगळेच हवेत.

चाकरमान्यांनी यंदा गणपतीला गावी आल्यावर मुख्याध्यापकांना गाठावे, नववी-दहावीचा पट किती उरला आहे ते विचारावे आणि आमदारांकडे जाताना शाळा समितीबरोबर आपणही जावे.