पाकिटातील वायूची परीक्षा

चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधराचार्यांनी सांगून ठेवले आहे. आज नियम १६१-ब अन्वये चूर्णाच्या पाकिटावर दोन वर्षांची मुदत छापली जाते. या दोन मुदतींमधील अंतर सांभाळण्याचे काम बव्हंशी वेष्टनावर येऊन पडते.

वायूची परीक्षा आपणांस नवी नाही. संधानपात्राच्या तोंडाशी नेलेली पेटती काडी विझली तर संधान चालू आहे व जळत राहिली तर ते पूर्ण झाले, हे आपण जाणतोच. बंद पाकिटाची परीक्षा त्याच जातीची आहे. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो. पाकिटात नायट्रोजन भरून तो कमी करतात. पाकिटावर रबरी चकती चिकटवून तीतून यंत्राची सुई आत घालतात; यंत्र थोडा वायू ओढून घेते व प्राणवायूचे प्रमाण दाखविते.

बेलापूर येथील आमच्या लहानशा निर्माणशाळेत हिंग्वाष्टकाची पाकिटे आम्ही अशीच तपासविली. भरल्याबरोबर आकडा समाधानकारक होता. दुसऱ्या दिवशी तो चढलेला आढळला. याची कारणे दोन असू शकतात. चूर्णाच्या कणांत अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते. अशा वेळी आकडा थोडा चढून स्थिरावतो. शिवणच सदोष असेल तर तो हवेच्या प्रमाणापर्यंत चढतच राहतो. आमची काही पाकिटे या दुसऱ्या प्रकारची निघाली. शिवणीच्या जागी चूर्णाची धूळ बसून तेथे सूक्ष्म वाट राहिली होती. ज्या वाटेने हवा आत येते, त्याच वाटेने ओव्या-जिऱ्यांचा सुगंध बाहेर जातो व पावसाळ्यात ओलही शिरते. तो घाणा आम्ही विक्रीस पाठविला नाही.

म्हणून परीक्षा भरल्याक्षणी एकदा व दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी. यंत्र नसल्यास पाकीट पाण्याखाली दाबून बुडबुडे पाहावेत. मोठी गळती तरी कळते. मात्र नायट्रोजनाने ओले चूर्ण कोरडे होत नाही; शुष्कता आधी साधावी.

रुग्ण पाकिटावरील तारखेवर विश्वास ठेवतो. ती तारीख छापण्यापूर्वी पाकिटाच्या आत काय आहे, हे आपण पाहिलेले असावे.