इस्रायल म्हणजे नुसतं ठिबक नव्हे

असोद्याच्या शिवारात केळीचा विषय निघाला की ठिबक निघतं आणि ठिबक निघालं की इस्रायल येतो. मग ठरलेलं बोलणं सुरू होतं: तिथं सगळं वाळवंट, पाऊस नाहीच, नळ्या अंथरल्या आणि सोनं पिकवलं. शेतकरी मेळाव्यातही हेच, कृषी केंद्राच्या ओट्यावरही हेच. यातलं बरंचसं चूक आहे, उरलेलं अर्धवट. आणि या समजुतीपायी आपलं नुकसान होतंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पाऊस. दक्षिणेचा नेगेव वाळवंटी आहे आणि देशाचा निम्म्याहून अधिक भाग त्यानं व्यापलाय, हे खरं. पण बहुतेक लोकवस्ती उत्तरेला आणि भूमध्य समुद्राच्या किनारपट्टीत आहे. तेल अवीव, जेरुसलेम या शहरांत वर्षाला साधारण 500 ते 550 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या धुळ्याच्या आसपास. वरच्या गॅलिलीत तो जळगावइतका, काही ठिकाणी जास्तच. अगदी दक्षिण टोकाच्या एलातला मात्र जेमतेम 25-30 मिलिमीटर. खरा फरक ऋतूचा. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. केळी तिथंही होते, किनाऱ्यालगत आणि गॅलिलीच्या बाजूला, जाळीखाली.

आता नळ्या. सिम्हा ब्लास या अभियंत्याची ठिबकची कल्पना हात्झेरिम किबुत्झनं, म्हणजे तिथल्या सामूहिक शेतवसाहतीनं, उचलली आणि 1965 मध्ये नेटाफिम ही ठिबक कंपनी सुरू झाली. पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1955 मध्ये, तिथं पाणी मोजण्याचा कायदा झाला होता आणि परवान्याशिवाय विहीर खोदायला बंदी आली होती. 1959 च्या कायद्यानं देशातलं सगळं पाणी, जमिनीखालचंसुद्धा, सार्वजनिक मालकीचं ठरलं. शेतकऱ्याला कोटा, त्यावर मीटर, जास्त वापरलं तर जास्त दर. 1964 मध्ये गॅलिलीच्या सरोवरातून दक्षिणेकडे पाणी नेणारी सुमारे 130 किलोमीटरची राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली. शहरांच्या सांडपाण्यापैकी जवळजवळ 90 टक्के पाणी शुद्ध करून शेतीला देतात. 2005 मध्ये अश्कलोनला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर आणखी काही उभे राहिले आणि आता घरगुती पाण्याचा मोठा भाग समुद्रातून येतो. ठिबक हा या सगळ्या व्यवस्थेतला एक भाग आहे.

आपण मात्र तेवढाच भाग उचलला! 1882 च्या ईझमेंट ॲक्टपासून आपल्याकडे ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी, हीच रीत. ठिबकनं एका एकरात पाणी वाचतं, यात वाद नाही. केळीला ते लावलंच पाहिजे. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहत नाही, त्यावर शेजारच्या दोन एकरांत आणखी केळी लागते. यावल-रावेर पट्ट्यात ठिबक पसरलं आणि तरीही बोअर खोल खोल जात राहिले, ते यामुळेच. मोजणीशिवाय ठिबक म्हणजे बचत, असं कुणी सांगत असेल तर त्याला विचारा, पाणी गेलं कुठं?

तिथलं सगळं आदर्श आहे, असंही नाही. जॉर्डन नदी आणि वेस्ट बँकेच्या डोंगरांखालचे जलसाठे यांच्या वाटपावरून शेजाऱ्यांशी, विशेषतः पॅलेस्टिनींशी, जुना वाद आहे. तो गाळून सांगितलेली यशोगाथा अपुरीच.

बाकीच्या समजुती थोडक्यात. तो देश मोठा असेल, असं वाटतं. पण त्याचं क्षेत्रफळ सुमारे 22 हजार चौरस किलोमीटर, तर जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून सुमारे 25 हजार. आपण त्यांचे नुसते गिऱ्हाईक, हेही खरं नाही: जळगावच्याच जैन इरिगेशननं 2007 मध्ये नानदान या इस्रायली ठिबक कंपनीचा अर्धा हिस्सा आणि 2012 मध्ये उरलेला घेतला. तिथं सगळे ज्यू, हेही चूक. सुमारे पाचवा हिस्सा नागरिक अरब आहेत, त्यांत मुसलमान, ख्रिस्ती आणि द्रूझ. आणि ज्यूही सगळे युरोपातले नाहीत. मोरोक्को, इराक, येमेन, इराण इथून आलेल्यांचा वर्ग फार मोठा आहे.

त्यांतच आपली मराठी माणसं आहेत, हे खानदेशात फारसं कुणाला माहीत नसतं. बेने इस्रायली ही कोकणातली जमात. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, असं त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: केहिमकर, दिवेकर, पेणकर. नवस फेडताना संदेष्टा एलियाच्या नावानं मलिदा करतात.

भारतात छळ झाला म्हणून ते गेले, असं कुणी ठासून सांगितलं की मला राग येतो. इथं त्यांचा छळ झाला नाही, हे त्यांचीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. 1937 मध्ये मुंबईच्या महापौरपदी याच समाजातले डॉ. एलिजा मोझेस होते. 1948 नंतर बरेच जण गेले ते धर्माच्या ओढीनं, नातलगांमागून, चांगल्या दिवसांच्या आशेनं. उलट त्रास तिथं झाला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेऊन लग्नांत अडथळे आणले. त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, आणि 1964 मध्ये सरकार नि संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली. अश्दोद, लोद, दिमोना या गावांत आज त्यांची घरं आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथं चालवलं.