निळी स्क्रीन काय सांगते?

काम रंगात आलेलं असताना अचानक स्क्रीन निळी होते, चार इंग्रजी ओळी झळकतात आणि मशिन आपोआप रीस्टार्ट होतं. हा अनुभव न आलेला विंडोजवाला विरळाच! पोरं याला 'ब्ल्यू स्क्रीन ऑफ डेथ' म्हणतात. (२०२५ मध्ये विंडोज ११ ने हीच स्क्रीन काळी केली, पण दुखणं तेच.) यावर प्रत्येकाकडे एकच औषध असतं: "फॉरमॅट मार!" माझं म्हणणं एवढंच, की आधी वाचा, मग मारा.

मुळात हे होतं का? विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल. ब्राउझर, वर्ड वगैरे प्रोग्राम त्याच्या बाहेर चालतात. त्यातला एखादा कोसळला तर तेवढाच बंद पडतो. ड्रायव्हर मात्र बहुतेक कर्नलच्या आतच चालतात. तिथे कुणी मेमरीच्या भलत्याच पत्त्यावर हात घातला आणि मशिन तसंच चालू राहिलं, तर डिस्कवरची माहितीही बिघडू शकते. म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. घरातला फ्यूज उडतो ना, तसंच. फ्यूज उडाला म्हणून कुणी घर पाडत नाही!

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्या मशिनांचं हार्डवेअर ठणठणीत होतं. बिघडलेली फाइल काढली की गाडी रुळावर!

आता घरची केस. आमच्या साताऱ्याच्या पीसीने गेल्या दिवाळीनंतर हेच नाटक सुरू केलं. दुकानदाराने फोनवरच निदान केलं, "फॉरमॅट करावा लागेल." पण डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्येच, आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. मी बाबांना सांगितलं, "कुणालाही हात लावू देऊ नका, फक्त प्रत्येक वेळी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा." आणि शनिवारी सांगलीहून एसटी धरली.

पुढे केलं ते क्रमाने सांगतो.

१. आधी डेटा. रॅम खराब असेल तर कॉपी करतानाच फाइल बिघडू शकते. म्हणून हार्ड डिस्क काढून काकांच्या पीसीला जोडली आणि ओव्या दोन ठिकाणी उतरवल्या. (बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.)

२. स्टॉप कोड वाचा. ढोबळ नियम असा: दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव आलं, तर संशय ड्रायव्हरवर. सेफ मोडमध्ये जाऊन तो जुन्या आवृत्तीवर न्यायचा किंवा काढायचा. दर वेळी वेगळाच कोड आला, तर संशय रॅम, पॉवर सप्लाय किंवा तापण्यावर. बाबांच्या चार फोटोंत तीन वेगळे कोड होते! स्क्रीन वाचायला थांबतच नसेल, तर सिस्टिम सेटिंगमधलं 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' बंद करा.

३. कॅबिनेट उघडा. आधी वायर काढा, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. पंख्यावरची धूळ झाडा, रॅम काढून नीट परत बसवा.

४. रॅम तपासा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर लावलं. सकाळी एरर! मग दोन रॅमपैकी एकेक काढून तपासली. एक दोन्ही स्लॉटमध्ये नापास, दुसरी दोन्हीकडे पास. म्हणजे स्लॉट नव्हे, रॅमच गेलेली.

खराब रॅम काढली, 'एसएफसी स्कॅननाऊ' कमांड चालवून विंडोजच्या फाइली दुरुस्त केल्या. तेव्हापासून पीसी निम्म्या रॅमवर थोडा हळू, पण बिनतक्रार चालतोय. आणि गंमत बघा, फॉरमॅट केला असता तर ओव्या गेल्या असत्या, निळी स्क्रीन मात्र तिथेच राहिली असती!

तेव्हा दोस्तहो, होस्टेलवर कुणाचं मशिन निळं पडलं तर विंडोजची पेनड्राइव्ह शोधायला पळू नका. मोबाइल काढा, फोटो घ्या, कोड वाचा. आणि मशिन चांगलं चालू असेल, तर आजच एक बॅकअप घ्या.